मुलुंडचा हिवाळा आणि साडेतीन लिटर तेल

डिसेंबरच्या सुरुवातीला सर्व्हिस सेंटरकडून मोबाईलवर निरोप आला. ‘प्रिय ग्राहक, कडाक्याच्या थंडीसाठी आपली गाडी तयार आहे का? भव्य हिवाळी तपासणी शिबीर! हीटर, डीफॉगर, अँटीफ्रीज, विंटर ग्रेड इंजिन ऑईल. बॅटरी तपासणी मोफत.’ निरोप वाचत होतो तेव्हा डोक्यावर पंखा तीनवर फिरत होता आणि शेजारी बसलेली आई त्याच्या मदतीला वर्तमानपत्राने वारा घेत होती.

शहाण्या माणसाने असा निरोप पुसून टाकला असता. हा मजकूर कुणीतरी उत्तरेत बसून लिहिला असणार आणि शिमल्यापासून शिरोड्यापर्यंत सगळ्यांना एकाच बटणाने धाडला असणार, एवढं मलाही कळत होतं. पण मी मुलुंडचा. मुलुंडच्या माणसाला कुणी परक्याने आपणहून ‘तुमच्याकडे थंडी असते’ असं म्हटलं की त्याला भरून येतं.

मुंबईत थंडीचा अभिमान बाळगायचा हक्क दोनच उपनगरांना आहे, आम्हाला आणि बोरिवलीला. मध्ये जंगल एकच, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं. त्याच्या या अंगाला आम्ही, त्या अंगाला ते. रात्री त्या जंगलातून जो काही गारवा उतरतो तो कुणाच्या वाट्याला किती येतो, यावरून दोन्हीकडे वर्षानुवर्षं भाऊबंदकी चालू आहे. माझा मेहुणा बोरिवली पूर्वेला राहतो, उद्यानाच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. डिसेंबर लागला की सकाळी सहाला त्याचा फोन ठरलेला.

“भावोजी, आज किती?”

“सतरा.”

“आमच्याकडे पंधरा पॉइंट आठ.”

त्याने गॅलरीत थर्मामीटर टांगला आहे. कुंड्यांना पाणी घालून झाल्यावरच तो वाचायचा अशी त्याची पद्धत असावी, असा माझा संशय आहे. सरकारी आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा, पण तो आम्ही दोघंही मानत नाही. जिथे विमानं उतरतात तिथे मोजलेली थंडी ती काय थंडी! बाकीच्या उपनगरांनी तर या वादात पडूच नये असा अलिखित नियम आहे. घाटकोपरचा माझा एक मित्र एकदा म्हणाला, “काल रात्री आम्हालाही पांघरूण लागलं.” मेहुण्याने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं, “एसी बंद करायला विसरला असाल.”

तेव्हा ‘विंटर ग्रेड’ हे शब्द दिसल्यावर मी तो निरोप लगेच बोरिवलीला धाडला. त्याला त्याच्या सेंटरकडून तोच निरोप आलेला होता, पण माझ्यानंतर वीस मिनिटांनी. थंडी आधी कुठे पोचते याचा हा लेखी पुरावा होता. शिवाय जानेवारीत दोन्ही घरांनी आपापल्या गाड्या काढून महाबळेश्वरला जायचं ठरलेलं होतं. म्हणजे तेलाचा विचार करणं आता चैन नव्हती, जबाबदारी होती.

सर्व्हिस सेंटरमध्ये मेहुणाही आला. मी फसवला जाऊ नये म्हणून. हातात टॅबलेट घेतलेला एक तरुण हसतमुखाने पुढे झाला.

“सर, झीरो डब्ल्यू ट्वेंटी टाकू या. फुल्ली सिंथेटिक. मायनस पस्तीसला पण एका स्टार्टमध्ये गाडी चालू.”

“मायनस पस्तीस कुठे असतं?”

“कुठेही असू दे सर, गाडी चालू होणार.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याने यादी वाचायला घेतली. इंजिन फ्लश. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. हीटर तर चालवूनच दाखवतो म्हणाला आणि काचा बंद करून त्याने तो चालवला. मिनिटभरात मी, मेहुणा आणि तो स्वतः असे तिघंही तीन दारांनी बाहेर पडलो. “हीटर ओके,” असं कपाळ पुसत त्याने टॅबलेटवर टिपलं. शेवटी निघाली अँटी-रॅट ट्रीटमेंट. “थंडीत उंदीर इंजिनाच्या उबेला येतात सर. वायरी खातात.” एवढं मात्र सोळा आणे खरं. थंडीने गाडी बंद पडल्याचं मुलुंडमध्ये कुणी ऐकलेलं नाही, उंदरांनी बंद पाडलेल्या गाड्या मात्र प्रत्येक सोसायटीत निघतात.

“आणि बॅटरी फ्रीमध्ये चेक करून देतो सर. दोन्ही गाड्यांची.”

“फुकट आहे म्हणजे त्यात काही अर्थ नसणार,” मेहुणा माझ्या कानाशी कुजबुजला. माझी बॅटरी त्या पोराने विचारायच्या आत तपासून टाकली होती. मेहुण्याने मात्र आपल्या गाडीचं बॉनेट उघडूच दिलं नाही.

तेलाचं मी विचार करून सांगतो म्हणालो. मराठी माणूस विचार करून सांगतो म्हणतो, तेव्हा तो आणखी दहा जणांना विचारून सांगणार असतो.

आधी तो डब्ल्यू काय आहे ते पाहणं भाग होतं. तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’, ‘२०डब्ल्यू-४०’ असं छापलेलं असतं. इतकी वर्षं मी तो बल्बवरचा वॉट समजून चाललो होतो आणि माझं काही अडलं नव्हतं. तो निघाला विंटरचा. एसएई नावाची अमेरिकेतल्या इंजिनिअरांची एक सोसायटी आहे, तिने १९११ सालीच तेलांना दाटपणाप्रमाणे नंबर द्यायला सुरुवात केली आणि हिवाळ्याचा हा डब्ल्यू पुढे त्यात आला. (आमच्या सोसायटीने १९९४ पासून पार्किंगला नंबर द्यायला घेतले आहेत.) डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान तितकं तेल जास्त गारठ्यातही वाहतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा, म्हणजे शंभर अंशांना तेल किती दाट राहतं त्याचा. थोडक्यात, पहाटे पातळ आणि दुपारी दाट अशी दुहेरी नोकरी एकाच तेलाने करायची.

आता खरी गंमत पुढे. शून्य डब्ल्यूचं तेल उणे पस्तीस अंशांतही इंजिन फिरू देतं. पाचवालं उणे तीसला, दहावालं उणे पंचवीसला, पंधरावालं उणे वीसला आणि वीसवालं उणे पंधराला. म्हणजे आपल्या बाजारात सहज मिळणारं, वर्गातलं सगळ्यात ढ तेलसुद्धा उणे पंधरापर्यंत पास होतं. आणि मुंबईचा नीचांक काय? सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलेला ७.४. अधिक ७.४! त्या ऐतिहासिक पहाटेसुद्धा सर्वांत ढ तेलाची परीक्षा सुरू व्हायला अजून बावीस अंश खाली उतरायचं शिल्लक होतं. हा हिशेब मी मेहुण्याला सांगितला नाही. काही गोष्टी नातेवाइकांपासून लपवलेल्याच बऱ्या.

मुंबईत थंडीने गोठणारं तेल एकच, खोबरेल. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली पारा गेला की ते जमायला लागतं. आमच्या घरात हिवाळा जाहीर करण्याचा अधिकार वेधशाळेला नाही, बाथरूमच्या खिडकीतल्या निळ्या बाटलीला आहे. सकाळी आई ती उलटी करते, तळहातावर आपटते, कानाशी धरून हलवते. आत काहीच हलत नाही. मग बाटली गॅलरीतल्या उन्हात जाते, ऊन सरकलं की तीही सरकते. अंघोळीची घाई असेल तर ती गरम पाण्याच्या बादलीत बुडते आणि तरीही ऐकलं नाही तर आई झाकण काढून उदबत्तीची काडी आत घालते. काडीला लागून जे येतं त्यावर त्या दिवशीचं डोकं भागवायचं. माझी तेलाची चर्चा ऐकून ती म्हणाली, “तुझ्या गाडीचं गोठलं तर आण वर. बादलीत ठेवू.”

संध्याकाळी गेटपाशी विषय काढला. एकोणीस अंश होते आणि वॉचमनने शेकोटी पेटवली होती. तो उत्तर प्रदेशातल्या खऱ्या थंडीतून आलेला माणूस आहे. तरी “इधर की ठंडी हड्डी में घुसती है” असं तो दर वर्षी म्हणतो. आमचं मन राखायला म्हणत असावा, पण त्या एका वाक्यावर त्याची दिवाळीची पोस्त वाढली आहे. शेकोटीभोवती तळमजल्यावरचे काका होते. १९६२ च्या त्या पहाटेचे ते प्रत्यक्ष साक्षीदार.

“पाचवीत होतो मी. वर्गातल्या शाईच्या दौती गोठल्या होत्या.”

सात अंशांना शाई गोठत नाही, हे त्यांना सांगायची आमच्यात कुणाची छाती नाही. उलट दर हिवाळ्यात दौतींबरोबर आणखी काहीतरी गोठतं. गेल्या वर्षी शाळेचा नळ होता. यंदा हेडमास्तरांची सायकल आली.

काकांच्या शब्दाला गाड्यांच्या बाबतीत वजन आहे, कारण त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. “थंडीत गाडी चालू करणं ही कला होती,” ते म्हणाले. “चोक ओढायचा, पण अर्धा. पुरा ओढलास तर पेट्रोलने कोंदणार. नाही ओढलास तर ढिम्म. आता तुम्ही बटण दाबता. त्यात काय पुरुषार्थ?”

“आणि ऑईल, काका?”

“वीस-चाळीस! दुसरं ऑईल असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. म्हणून तर गाड्या चालल्या.”

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा काकांनी आठवडाभर दाढी केली नव्हती. अशा माणसाशी वाद कसा घालणार? तरी मी भीत भीत म्हटलं, “गाडीबरोबर पुस्तक मिळतं, त्यात काहीतरी लिहिलेलं असेल.”

“पुस्तक कोण लिहितं? कंपनीवाले. त्यांना काय कळतंय?”

बेस्टमधून निवृत्त झालेले दुसरे काका इतका वेळ हात शेकत होते. त्यांनी हात मागे घेतले. “पंधरा-चाळीस टाक. डोळे मिटून.”

“ते डिझेलला टाकतात ना? माझी पेट्रोलची आहे.”

“मग डिझेलची घ्यायला हवी होतीस.”

रविवारी मी आणि मेहुणा एलबीएस मार्गावरच्या गॅरेजात गेलो. तिथले उस्ताद कमी बोलतात. त्यांनी बॉनेट उघडून डिपस्टिक ओढली, खांद्यावरच्या फडक्याने पुसली, परत आत घातली, परत काढली. टोकाशी लोंबणारा काळा थेंब त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरला, हळूहळू चोळला, बोटं उघडमीट करून तार येते का पाहिलं, वास घेतला आणि डोळे मिटले. मेहुण्याला राहवेना. त्यानेही एक थेंब मागून घेतला. चोळला. वास घेतला. डोळे मिटले.

“जळकट वास येतोय,” तो गंभीरपणे म्हणाला.

उस्तादांनी डोळे उघडले. “साब, इंजिन है. अंदर जलताही है.”

“थंडीसाठी कुठलं तेल टाकू?” मी विचारलं.

“थंडी? किधर?”

“महाबळेश्वर.”

“महाबलेश्वर में स्ट्रॉबेरी खाने का, साब. बुक में जो लिखा है वो डालो. बस नकली मत डालो.” एवढं बोलून त्यांनी कोपऱ्यातला एक रिकामा डबा उचलला आणि त्याच्या पोटात स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. चांगल्या कंपनीचा डबा भंगारात धडधाकट गेला तर तो कुठेतरी कसल्याशा तेलाने भरून पुन्हा दुकानात येतो, म्हणून. या साऱ्या प्रकरणात मला मिळालेला हा पहिला उपयोगी सल्ला, आणि त्याचा थंडीशी काडीचा संबंध नव्हता.

दुकानात आणखी एक भानगड कळली. डब्यावर डब्ल्यूशिवाय एपीआयची, म्हणजे तेलाच्या दर्जाची, दोन अक्षरं असतात. पेट्रोल गाड्यांसाठी २०१० मध्ये ‘एसएन’ आला, २०२० मध्ये ‘एसपी’. मधला ‘एसओ’ त्यांनी गाळलाच. “एसपी लो साहेब,” दुकानदार म्हणाला, “एसएन हवे जूना थई गया.” एसपी म्हटल्यावर मेहुणा जरा सावरून उभा राहिला. त्याच्या मनात पोलीस अधीक्षक आले असावेत.

“डबा साडेतीन लिटरचा. बसतं किती?”

“तीन ने थोडा उपर.”

हा ‘थोडा उपर’ म्हणजे आमच्या घरातली एक कायमची वस्ती आहे. दर सर्व्हिसिंगला उरलेला वाटीभर तेलाचा ऐवज मी हक्काने मागून आणतो, कारण पैसे मोजलेत. मग तो माळ्यावर जातो. तिथे आजवरच्या उरल्यासुरल्या तेलांचं संमेलन भरलेलं आहे. आईचं शिवणयंत्र, दाराच्या बिजागऱ्या, नातवाची सायकल, सगळ्यांना त्यातूनच वंगण मिळतं. आमच्या खिडकीच्या ग्रिलचं कुलूप ५डब्ल्यू-३० वर चालतं. मुलुंडचा पारा उणे तीसला गेला तरी ते उघडेल.

खऱ्या थंडीचा माणूस घरात एकच आहे, कॅनडात विनिपेगला असलेला भाचा. सकाळी त्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र होती. पडद्यावर फक्त नाक आणि वाफ दिसत होती.

“थांब मामा, गाडीला प्लग लावतोय.”

“इलेक्ट्रिक घेतलीस? बोलला नाहीस!”

“नाही रे, पेट्रोलचीच आहे. इंजिनाला हीटर बसवलेला असतो, ब्लॉक हीटर. रात्री त्याला वीज द्यायची, म्हणजे सकाळी इंजिन उबदार राहतं आणि तेल वाहतं. इथे पार्किंगमध्येच प्लग असतात.”

“म्हणजे बादलीतच ठेवतात की!” आई मागून म्हणाली.

“आज उणे एकतीस आहे,” भाचा म्हणाला. “तुमच्याकडे?”

“एकोणीस.”

“उणे?”

मी आवाज जात असल्याचं सोंग केलं. तेवढ्यात कॉलमध्ये शिरलेला मेहुणा म्हणाला, “आमच्याकडे अठरा.”

भाच्याला विचारलं, तू कुठलं तेल वापरतोस? तो म्हणाला, “पुस्तकात लिहिलंय ते.” पुढे काही बोलेल म्हणून आम्ही थांबलो, पण त्याचं उत्तर संपलं होतं. परदेशात गेलं की माणसं अशी तुटक होतात. मेहुण्याचं अर्थातच समाधान झालं नाही. लडाखसारख्या भागांसाठी इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे तेहतीस अंशांतही न गोठणारं खास डिझेल आणलं, हे त्याने कुठूनतरी शोधून काढलं आणि ते बोरिवलीत का मिळत नाही यावर दोन दिवस चिडचिड केली. त्याची गाडी पेट्रोलची आहे.

शेवटी मी ते पुस्तक काढलं. ते गाडीच्या खणातच होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कंपनीने ठेवलं तसं. त्याच्यावर मुदत संपलेल्या पीयूसीच्या चिठ्ठ्या, सिद्धिविनायकाच्या प्रसादाचा दगड झालेला पुडा आणि बायकोचा हरवलेला चष्मा होता. (तो चष्मा घरकामाच्या बाईने हरवला असं आमच्याकडे ठरलेलं होतं. तो विषय मी तूर्त खणातच परत ठेवला.) पुस्तकात तेलाची ओळ एकच होती, ०डब्ल्यू-२०. म्हणजे टॅबलेटवाला पोरगा बरोबर होता! फक्त उणे पस्तीसशी त्याचा संबंध नव्हता. पातळ तेलाने इंजिनाला ओढ कमी पडते, पेट्रोल थोडं वाचतं, नव्या इंजिनांची रचनाच त्या तेलासाठी केलेली असते, इतकी साधी गोष्ट. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “पातळच हवं तर पाणी घाल. पालिकेचं स्वस्त पडेल.”

पण त्याच्या पुढच्या पानाने माझी झोप उडवली. शीर्षक होतं, ‘खडतर परिस्थितीतील वापर’. मला वाटलं वाळवंट असेल, हिमालय असेल. खाली लिहिलं होतं: वारंवार छोटे प्रवास. इंजिन चालू ठेवून दीर्घकाळ एका जागी उभे राहणे. सतत थांबत-सुटत जाणे. धूळ. हे मुलुंड ते अंधेरीचं वर्णन होतं! जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी सातला उभं राहून कुणीतरी ते पान लिहिलं असणार. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा किलोमीटरचा काटा झोपलेला असतो, पण इंजिन फिरतच असतं आणि तेल आत शिजत असतं. उलट भाजी आणायला गाडी काढली तर तेल नीट तापतच नाही, मग त्यात शिरलेली पाण्याची वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून न जाता आतच मुक्काम करतो. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं सर्व्हिसिंगचं वेळापत्रक सांगतं. मुंबईत वर्षच आधी होतं. दहा हजार किलोमीटर व्हायचे तर गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता पुरा व्हायला हवा. १२.२ किलोमीटरचा तो रस्ता आमच्या सामाईक जंगलाच्या पोटातून पावणेपाच किलोमीटरचे जुळे बोगदे काढून जाणार आहे. त्यातून बोरिवलीची थंडी इकडे येईल की आमची तिकडे, ही चिंता मेहुण्याला आताच लागली आहे.

मी पुस्तकातलं तेल टाकलं. मेहुण्याने गॅरेज, गेट, दुकान आणि विनिपेग या सगळ्यांचा मान राखायचा म्हणून सरासरी काढली आणि ५डब्ल्यू-४० टाकलं. “आकड्याला जरा वजन हवं,” तो म्हणाला.

महाबळेश्वरला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वेण्णा लेकला जायचं ठरलं. तिथे कडक थंडीत दवबिंदू गोठतात आणि ते बघायला मुंबई-पुण्याची माणसं कानटोप्या घालून, हातात मोबाईल धरून गवतावर ओणवी होतात. हॉटेलचं पार्किंग म्हणजे दोन भिंतींमधला बोळ होता. एकामागे एक गाड्या, आणि माझ्यापुढे मेहुण्याची. मी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन चालू! काचेवरचं दव पुसताना माझ्या मनात त्या टॅबलेटवाल्या पोराबद्दल अपार माया दाटून आली.

पुढच्या गाडीतून आवाज आला, टक टक टक टक. मग नुसतं टक. मग शांतता.

“ऑईल जड झालंय,” मेहुणा काच खाली करायला गेला, ती झाली नाही, म्हणून दार उघडून म्हणाला.

“किती अंश आहे?”

“नऊ.”

उणे पंधरा, उणे तीस वगैरे आकडे माझ्या जिभेच्या टोकावर आले होते. पण माझी गाडी त्याच्या मागे अडकलेली होती, तेव्हा मी नुसता हुं म्हणालो. धक्का द्यावा म्हणून आम्ही सगळे, बायकामुलांसकट, गाडीच्या मागे उभे राहिलो. मग भाचीला आठवलं की गाडी ऑटोमॅटिक आहे, धक्क्याने चालू होणार नाही. बायको म्हणाली, “अहो, दव वितळेल तिकडे.” तेवढ्यात एक टॅक्सीवाला, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, चहाचा ग्लास हातात घेऊन आला. त्याने बॉनेट उघडायला लावलं, काही न विचारता आपल्या जीपमधून दोन जाड वायरी आणल्या आणि चिमटे लावले.

“गाडी रोज चालवता?”

“रविवारी. मॉलला,” मेहुणा म्हणाला.

“मग बॅटरी भरायची कधी? थंडीत आधी तीच बसते. निघायच्या आधी तपासून घ्यायची. बरेच ठिकाणी फुकट बघतात.”

मी मेहुण्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती, बायकोने पाहिलं. गाडी चालू झाली. टॅक्सीवाला वायरी गुंडाळत होता, तेव्हा मला राहवेना.

“तुमच्या गाडीत तेल कुठलं असतं हो? थंडीसाठी?”

“मालक देईल ते.”

वेण्णा लेकला आम्ही पोचलो तेव्हा ऊन आलं होतं आणि दवाच्या जागी ओलं गवत होतं. बऱ्याच लोकांनी ते दाखवून, थोड्या वेळापूर्वी काय होतं ते आम्हाला सांगितलं. परतीला पसरणी घाटात मेहुणा बराच वेळ माझ्यामागे गप्पगप्प गाडी चालवत होता. मला वाटलं, मनाला लागलं बिचाऱ्याच्या. वाई जवळ आली तेव्हा त्याचा फोन वाजला. बायकोने स्पीकरवर टाकला.

“भावोजी, एक विचारायचं होतं. टायरमध्ये तुम्ही साधी हवा भरता की नायट्रोजन?”